लांब जाऊ नका, तिथेच परत जा

वाचकाचं पत्र:
«गेल्या वर्षी आम्ही शहर सोडून गावाबाहेर राहायला आलो. घरामागे ओढा आहे, पलीकडे शेतं आणि थोडी झाडी. पहिले दोन महिने रोज फिरायला जायचो. आता कंटाळा आलाय, आणि हे कुणाला सांगायचीही लाज वाटते. रविवारी गाडी काढून कुठेतरी लांब जातो, फोटो काढतो, दमून परत येतो. नवऱ्याने हौसेने वीस पटींची मोठी दुर्बीण आणली, पण तिच्यातून काही धड दिसत नाही. दहा वर्षांची मुलगी पाच मिनिटांत ‘आता काय?’ म्हणून विचारते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना चालवत नाही. निसर्गात मन रमतं म्हणतात, मग आमचं का रमत नाही? वर्षभर बघायचं तरी काय, आणि कसं?»

नमस्कार ताई,

लाज वाटून घ्यायचं काहीच कारण नाही. दर रविवारी नवी जागा पाहणाऱ्या माणसाला प्रत्येक ठिकाणी पाहुण्यासारखंच वावरावं लागतं. तिथे काल काय होतं ते ठाऊक नसतं, उद्या काय होणार याचा अंदाज नसतो, मग ‘छान आहे’ यापलीकडे बोलणार काय? निसर्गातली गोडी बरीचशी वाट पाहण्यात असते. ही फांदी गेल्या आठवड्यात उघडी होती, आज तिच्यावर कोंब आलेत, हे तिथे गेल्या आठवड्यात गेलेल्यालाच दिसतं. म्हणून पहिला सल्ला असा, की तीन महिने रविवारची गाडी बंद ठेवा आणि घरामागच्या ओढ्यापाशी एक जागा धरा.

जागा निवडताना फार सौंदर्य पाहू नका. घरापासून दहा मिनिटांच्या आत चालत पोचता येणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण वीस मिनिटं लागणारी जागा दोन आठवड्यांत सुटते. दुसरं, जिथे दोन गोष्टी भेटतात ती कड शोधा: झाडी संपून शेत सुरू होतं ती, किंवा पाण्याचा काठ. दाट झाडीच्या पोटात किंवा मोकळ्या रानाच्या मधोमध जेवढी हालचाल दिसते, त्याहून पुष्कळ जास्त या कडेवर दिसते. झाडीतले जीव खायला बाहेर येतात, उघड्यावरचे आडोशाला आत शिरतात. तिसरं, पाठ टेकायला खोड किंवा दगड हवा. पाठीशी काही असलं की तुमची आकृती त्यात मिसळते, आकाशासमोर उठून दिसत नाही. सकाळी बसणार असाल तर सूर्य पाठीमागे किंवा बाजूला येईल असं तोंड करा. समोरून ऊन आलं की सगळे पक्षी काळेच दिसतात.

बसण्याआधी चार गोष्टी तपासा. डोक्यावर वाळकी फांदी लटकत नाही ना, जवळ मुंग्यांचं वारूळ किंवा गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना, आणि पालापाचोळ्यात किंवा दगडांच्या फटीत साप-विंचू असू शकतो म्हणून जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. जागा कुणाच्या शेतात असेल तर आधी मालकाला विचारा. विचारून बसलेल्या माणसाला पुढे तोच सांगतो की पहाटे बांधावर काय फिरतं. सोबत फोमचा एक जाडसर तुकडा न्या. थंड ओली जमीन अंगातली ऊब ओढून घेते, आणि माणसं लवकर उठतात ती कंटाळ्यापेक्षा जास्त या गारठ्याने.

आता बसायचं कसं. तुम्ही पोचलात की आसपासचे पक्षी सावध होऊन गप्प होतात किंवा उडून जातात. त्यांचे व्यवहार पूर्ववत व्हायला साधारण दहा ते पंधरा मिनिटं लागतात. बहुतेक लोक नेमके दहाव्या मिनिटाला ‘इथे काही नाही’ म्हणून उठतात. तुमच्या मुलीची पाच मिनिटं तर शांततेतच जातात. म्हणून वीस मिनिटं हे किमान धरा, पहिले काही दिवस त्याहून जास्त ताणूही नका. मान हळू वळवा, हात झटकन उचलू नका. सळसळणारा प्लास्टिकचा कोट घालू नका. मोबाईल घरी ठेवायचा नसेल तर बंद करून पिशवीत ठेवा; व्हायब्रेशनची घरघरही पुरेशी असते. आणि सहा जणांचा घोळका नेऊ नका. दोघं ठीक, तिघं म्हणजे गप्पा सुरू.

वेळ चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही हाती काही लागत नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जागेवर असा. त्या वेळी वारा पडलेला असतो, आवाज लांबवर जातो, आणि किडे शोधण्याइतका उजेड नसल्याने पक्षी तो वेळ गाण्यात घालवतात असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. सूर्य वर आल्यावर गाणी विरळ होतात. नऊनंतर फुलपाखरं, चतुर, सरडे यांची पाळी. त्यांना अंग तापवल्याशिवाय नीट हलता येत नाही, म्हणून ती पंख पसरून किंवा दगडाला चिकटून उन्हात बसलेली सापडतात. या वेळी ती जरा सुस्त असतात, जवळून पाहता येतात. भर दुपार टाळा. सूर्यास्ताआधीचा एक तास पुन्हा चांगला.

मुलीला ‘निसर्ग बघ’ म्हणू नका, नेमकं काम द्या. डोळे मिटून मुठी वर धरायच्या आणि वेगळा आवाज ऐकला की एक बोट उघडायचं. पाच मिनिटांत दहा बोटं उघडतात का बघायचं. मग कानांमागे तळव्यांचा पुढे तोंड केलेला द्रोण करून तोच आवाज पुन्हा ऐकायला सांगा. फरक इतका ठळक असतो की पहिल्यांदा करणारा दचकतो. आवाज कुठून येतो हे न कळण्याची अडचणही याने सुटते: द्रोण धरून डोकं हळूहळू फिरवायचं, जिथे आवाज सर्वांत मोठा तिथे बोट दाखवायचं. रात्री रातकिड्यांवर काम देता येतं. रातकिडे थंड रक्ताचे, त्यामुळे हवा गार झाली की त्यांची किरकिर मंदावते. १८९७ मध्ये अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ एमोस डॉलबेअर यांनी या किरकिरीवरून तापमान काढायचं सूत्र प्रसिद्ध केलं. ते सूत्र तुमच्या ओढ्याकाठच्या रातकिड्यांना लागू पडणार नाही, प्रत्येक जातीचा वेग निराळा असतो. पण एकच, सुटे सुटे आवाज काढणारा किडा धरून मुलीने दर आठवड्याला १५ सेकंदांतले आवाज मोजले आणि शेजारी तापमान लिहिलं, तर काही आठवड्यांत तिचं स्वतःचं सूत्र तयार होईल. एकसलग कर्रर्र करणारी जात घेऊ नका, मोजता येत नाही.

वही मात्र हवीच. महागडी नको, खिशात मावणारी, आणि पेन्सिल. शाईचं अक्षर पावसात फुटतं. रोज पाच ओळी पुरेत: तारीख आणि वेळ, वारा व आकाश, आज नवीन दिसलेलं एक, आज न दिसलेलं एक, आणि एक प्रश्न. ‘न दिसलेलं’ ही ओळ लोक गाळतात, आणि वर्षाने सगळ्यात उपयोगी तीच ठरते, कारण पाहुणे पक्षी कधी गेले हे नंतर आठवत नाही. येणारा डोळ्यात भरतो, जाणारा गुपचूप जातो. पहिल्या-शेवटच्या तारखा टिपण्याचा हा नाद जुना आहे. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये झाडांना पहिली पानं कधी फुटली, बेडूक पहिल्यांदा कधी ओरडले, पाकोळ्या कधी आल्या अशा नोंदी सुरू केल्या, आणि त्यांच्या घराण्यात त्या १९५८ पर्यंत चालू राहिल्या. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी तर नवव्या शतकापर्यंत मागे जातात. आज हवामानबदलाचा अभ्यास करणारे या वह्या उघडून बसतात.

नावांची घाई करू नका. पक्षी दिसला की लगेच मोबाईलमध्ये नाव शोधणारा माणूस त्या पक्ष्याकडे जेमतेम चार सेकंद बघतो. आधी लिहा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, चोच जाड की बारीक, शेपूट वर की खाली, जमिनीवर चालत होता की उड्या मारत होता, एकटा की थव्यात. एवढं लिहिलं की घरी येऊन नाव पाच मिनिटांत सापडतं, आणि पुन्हा विसरत नाही. पक्ष्याला जवळ आणायला त्याचाच आवाज मोबाईलवर वाजवण्याचा प्रकार करू नका. हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो अन्न-पिल्लं सोडून भांडायला धावतो. घरट्याजवळही रेंगाळू नका. तुमच्या मागावर मांजर आणि कावळेही तिथे पोचतात.

आता ऋतूंकडे येते.

पावसाळ्याची सुरुवात वाया घालवू नका. मातीचा वास सगळ्यांना आवडतो, पण तो कधी सर्वांत जास्त येतो हे फार जणांना ठाऊक नसतं. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेलं मातीत आणि दगडांवर साचतात, शिवाय मातीतले काही जीवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. माणसाचं नाक या द्रव्याबाबत इतकं तिखट की त्याचा अत्यल्प अंशही कळतो. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि वास घेऊन बारीक तुषार हवेत उडतात. हे हलक्या ते मध्यम सरीत जास्त होतं, मुसळधार पावसात कमी. म्हणजे पहिली टपटप सुरू झाली की लगेच अंगणात या, ‘जरा जोर धरू दे’ म्हणत थांबलात तर वास गेला.

पावसात फिरायला रेनकोटापेक्षा छत्री बरी. उबदार हवेत रेनकोटाच्या आत घामाने तेवढंच भिजायला होतं, आणि टोपीमुळे कान झाकले जाऊन निम्मी मजा जाते. वारा असेल तर मात्र छत्रीचा हट्ट सोडा. पावसाआधी काळे ढग जमलेत आणि वीज चमकतेय, तर चमक आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजा व तीनने भागा. वीज तितके किलोमीटर लांब आहे. अंतर ३० सेकंदांच्या आत आलं की घरात शिरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. एकट्या झाडाखाली आसरा घेणं ही सर्वांत वाईट निवड.

ओढ्याचंही एक ध्यानात ठेवा. तुमच्याकडे ऊन असताना वरच्या अंगाला पाऊस पडून पाणी अचानक वाढू शकतं. स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, पाण्याचा आवाज बदलला, की वस्तू गोळा करत न बसता वर चढा. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत असलं तरी ओलांडायचं नाही. काठावरचे काळे, चकाकणारे दगड शेवाळाचे असतात, पाय कोरड्या, खरखरीत दगडावर ठेवा. भिजलेले बूट चुलीपाशी किंवा हीटरजवळ वाळवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला, सकाळपर्यंत निभावतं.

पहिल्या मोठ्या पावसानंतरची रात्र बेडकांची. डबक्याजवळ गेलात की सगळे एकदम गप्प होतील. बॅटरी बंद करून पाच-सात मिनिटं उभ्या राहा. आधी एक भित्रा आवाज येतो, मग दुसरा, मग सगळी डराव-डराव पुन्हा उसळते. ओरडतात ते नर, गळ्याखालचा फुगा फुगवून. आवाज नीट ऐकलेत तर तीन-चार प्रकार सुटे करता येतील, प्रत्येक जातीचा वेगळा. तुमच्या भागात काजवे असतील तर त्यांच्यासाठी चांदणं नसलेली, वारा नसलेली रात्र धरा आणि सूर्यास्तानंतर पाऊण तासाने जा. त्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण आहे. तुमच्या बॅटरीने आणि फ्लॅशने ती खूणच पुसली जाते. फोटोचा नाद सोडा, तसाही तो बरा येत नाही.

पाऊस ओसरताना एका संध्याकाळी मुलीला कोळ्याचं जाळं विणताना दाखवा. माझ्या मते वर्षातल्या सगळ्या तमाशांत हा पहिल्या नंबरचा, आणि फुकट. चाकासारखं गोल जाळं करणारे पुष्कळ कोळी ते अंधार पडताना नव्याने विणतात. आदल्या रात्री जिथे जाळं दिसलं तिथेच बॅटरीवर लाल कागद लावून दिवेलागणीला जाऊन बसा. आधी एक धागा वाऱ्यावर सोडून दोन काड्यांमध्ये पूल बांधतो. मग चौकट, मग मध्यापासून बाहेर जाणारे आरे. नंतर मध्यापासून बाहेरच्या बाजूला एक विरळ, न चिकटणारा वेटोळा धागा टाकतो; हा फक्त पायवाट म्हणून. आता खरं काम. बाहेरून आत येत तो चिकट धागा लावत जातो आणि आधीची पायवाट जाता जाता काढून टाकतो. मागचा पाय प्रत्येक आऱ्यावर धागा ओढून टेकवतो ते नीट बघा, अंतर मोजून घेतल्यासारखं सारखं पडतं. सगळं मिळून साधारण अर्धा ते एक तास. मुलगी ‘आता काय?’ विचारणार नाही, कारण दर मिनिटाला काहीतरी होत असतं.

हिवाळ्यात सकाळी गवताकडे बघायचं. दव पडायला निरभ्र आकाश आणि पडलेला वारा लागतो. पात्यांची उष्णता आकाशाकडे निघून जाते, पातं हवेपेक्षा गार होतं आणि हवेतली वाफ त्यावर जमते. म्हणून ढगाळ रात्रीनंतर किंवा झाडाखाली दव जवळजवळ नसतं. एक परीक्षा करून बघा. झाडाखालच्या कोवळ्या गवतावरही टोकाला एकेक मोठा, नेमका थेंब दिसतो का? तो दवाचा नसतो. मुळांनी रात्रभर ओढलेलं जास्तीचं पाणी झाड पात्याच्या टोकावाटे बाहेर टाकतं, त्याचा तो थेंब. हळूच पुसून टाका. हवा दमट असेल तर थोड्या वेळाने पुन्हा त्याच टोकावर नवा जमतो. दवाचे थेंब बारीक आणि पातंभर विखुरलेले असतात.

दवाची आणखी एक गंमत आहे. सूर्य नुकताच वर आलेला असताना त्याच्याकडे पाठ करून दवाने भरलेल्या आखूड गवतावर आपली लांब सावली पडू द्या. डोक्याच्या सावलीभोवती उजळ वलय दिसेल. थेंब प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनेच परत पाठवतात, म्हणून हे वलय ज्याचं त्यालाच दिसतं. तुम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलात तर प्रत्येकीला स्वतःच्याच डोक्याभोवती दिसेल, दुसरीच्या नाही. मुलगी नक्की भांडेल की वलय तिचंच आहे. कोळ्याची जाळी बघायला मात्र उलट करायचं, सूर्याकडे तोंड. प्रकाश जाळ्यामागून आला की एकेक थेंब पेटतो.

हिवाळी रात्री आकाशाच्या. अमावास्येच्या मागेपुढे चार-पाच दिवस निवडा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाईलचा पडदा एकदा उघडला की ही कमाई शून्यावर येते, म्हणून पुन्हा तो लाल कागद. मंद तारा दिसेनासा होत असेल तर त्याच्या किंचित बाजूला बघा, तो पुन्हा दिसू लागेल. अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या नेमक्या मध्यात नसतात. सुरुवात मृग नक्षत्रातल्या ओळीने असलेल्या तीन ताऱ्यांपासून करा. ती ओळ एका बाजूला वाढवली की व्याध, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी, आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा झुबका. प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तास. एकाच जागेवरून, एकाच वेळी, महिन्यातून एकदा पाहिलंत तर आकाश सरकताना कळतं. १३ आणि १४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतला उल्कावर्षाव ऐन भरात असतो. त्याला दुर्बीण लागत नाही, चटईवर उताणं पडायचं आणि पांघरूण वाटतं त्यापेक्षा एक जास्त घ्यायचं.

उन्हाळ्याबद्दल लोकांची तक्रार असते, पण सकाळी आठच्या आत आणि सावलीत राहून उन्हाळाही पुष्कळ देतो. ओढा आटला की काठचा चिखल वाचा. ठसे वाचायला सूर्य तिरपा हवा, आणि ठसा तुमच्या व सूर्याच्या मध्ये. डोक्यावरच्या उन्हात कडा दिसत नाहीत. बोटांपुढे नखांच्या खुणा असतील तर बहुधा कुत्र्याच्या कुळातला, नसतील आणि ठसा गोलसर असेल तर मांजराच्या. दुपारी दाट झाडाखाली बसून जमिनीवरचे उजेडाचे ठिपके बघा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असल्या तरी ठिपके गोलच असतात, कारण प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमा. खंडग्रास ग्रहणात हेच ठिपके कोरीसारखे होतात. सूर्य डोक्यावर असताना गोल ठिपक्याचा व्यास मोजून १०८ ने गुणला की ती फट साधारण किती उंचीवर आहे ते निघतं: साडेचार सेंटीमीटरचा गोल म्हणजे पाचेक मीटर. कडा फारच अंधूक असलेला ठिपका घेऊ नका, फट मोठी असते आणि हिशेब चुकतो.

पक्ष्यांसाठी पाणी ठेवणार असाल तर भांडं पसरट आणि खरखरीत, पाणी दोन ते पाच सेंटीमीटर, मध्ये टेकायला एक दगड. खोल, गुळगुळीत भांड्यात लहान पक्षी उतरत नाहीत, उतरलेच तर बुडतात. झुडपापासून दोन-तीन मीटर दूर ठेवा, नाहीतर मांजर दबा धरून बसतं. दर एक-दोन दिवसांनी ब्रशने घासून पाणी बदला. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे एवढं केलंत की डासांची भीती नाही.

सासूबाईंना गॅलरीतलं काम द्या, आणि ते सगळ्यांत मानाचं आहे. क्षितिजावरची झाडं, टेकड्या, घरं यांचा साधा रेखाटलेला पट्टा एका लांब कागदावर काढा. खुर्ची रोज त्याच फरशीवर. आठवड्यातून एकदा सूर्य कुठल्या खुणेमागे मावळला तिथे तारीख लिहायची. सूर्य उत्तरेकडे २१ जूनच्या सुमारास आणि दक्षिणेकडे २१-२२ डिसेंबरच्या सुमारास टोकाला पोचतो, तेव्हा आठवडाभर जागेवरून हलत नाही असं वाटतं. मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र तो रोज जवळजवळ स्वतःच्या बिंबाएवढा सरकतो. ज्यांना वाटतं गॅलरीतून रोज तेच दिसतं, त्यांनी हा कागद वर्षाने बघावा. बिंब तांबडं, डोळ्यांना न खुपणारं असेल तेवढाच वेळ बघायचं. दुर्बिणीतून सूर्य कधीही नाही. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या वेळी उगवतो. तो क्षितिजापाशी प्रचंड वाटेल तेव्हा हात लांब करून करंगळीच्या नखाने झाकून बघायला सांगा, आणि दोन-तीन तासांनी वर आल्यावर पुन्हा. दोन्ही वेळा नख तितकंच पुरतं.

राहिली दुर्बीण. दोष नवऱ्याच्या हाताचा नाही. वीस पट मोठं दिसतं म्हणजे हाताचं थरथरणंही वीस पट दिसतं, शिवाय दिसणारा भाग इतका छोटा की पक्षी सापडेपर्यंत उडालेला असतो. हातात धरून पक्षी बघायला ८×४२ ही दुर्बीण सोयीची: आठ पट, आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. कुठलीही दुर्बीण असो, आधी ती तुमच्या डोळ्यांना जुळवून घ्यावी लागते. उजवं भिंग झाका, डाव्या डोळ्याने लांबची एक पाटी मधल्या चाकाने स्पष्ट करा. मग डावं झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्यापाशी असलेली कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. तो आकडा लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यापाशी येणारे कप आत दाबायचे. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. आधी दुर्बिणीकडे बघितलंत की तो हरवलाच.

घेतलेली मोठी दुर्बीण विकू नका. बहुतेक मोठ्या दुर्बिणींच्या पुढच्या बाजूला, दोन नळ्यांमधल्या दांड्यावर एक छोटं झाकण असतं. ते फिरवून काढलं की आत स्क्रूचं छिद्र दिसेल. एल आकाराचा जोड त्यात बसवून ती कॅमेऱ्याच्या भक्कम तिपाईवर लावा. मोबाईलची हलकी तिपाई वजनाने वाकते. मग पौर्णिमेला नको, शुद्ध सप्तमी-अष्टमीला चंद्र बघा. पौर्णिमेच्या चंद्रावर ऊन समोरून पडतं आणि सगळं सपाट दिसतं. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेलगत ऊन तिरपं असतं, तिथे विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि कडा उठून येतात. गुरू आकाशात असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत चार बारीक ठिपके दिसतील, कधी तीनच. ते त्याचे चंद्र आहेत. एक दिसत नसेल तर तो गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला असतो. दुसऱ्या रात्री पुन्हा बघा आणि जागा बदललेल्या वहीत काढून ठेवा.